तावडे लिनक्सवर जातात

माणूस कसा आहे हे त्याच्या निर्णयांवरून कळतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे तावडे कसे आहेत हे मला त्यांच्या एकाच निर्णयावरून कळलं, आणि तो त्यांनी कित्येक वर्षं घेतलाच नव्हता. प्रश्न असा होता की घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ठेवावं की लिनक्स टाकावं.

या दोन नावांनी ज्यांना धाप लागते त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर चालू केल्यावर आतला सगळा कारभार ज्यांच्या हुकमाने चालतो अशा या दोन व्यवस्था. पहिली बहुधा कॉम्प्युटरबरोबरच घरात येते. दुसरी फुकट मिळते, पण आपण होऊन आणावी लागते. बहुतेक माणसं पहिलीशी निमूटपणे संसार करतात. तावड्यांनी मात्र हा विषय विचारार्थ घेतला होता.

'विचारार्थ' हा शब्द त्यांचाच. एका सरकारी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे त्यांचं काम म्हणजे आलेल्या प्रस्तावाच्या दोन्ही बाजू मांडायच्या आणि फाइल वर पाठवायची. निर्णय वरचे घेत. निवृत्तीनंतर बाजू मांडायची सवय तेवढी राहिली. वर कोणी उरलं नाही. त्यामुळे फाइल जिन्यात भेटेल त्याच्याकडे जाई.

"लिनक्सला व्हायरस लागत नाही म्हणतात," ते जिन्यातच कठड्याला टेकून सुरू करत. "ही झाली एक बाजू."

"मग टाका ना."

"तू मास्तर असून घाई करतोस. प्रिंटरचं काय?"

"तुमच्याकडे प्रिंटर कुठाय?"

"उद्या घेतला तर?"

मी कॉलेजात शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर. प्रत्येक चर्चेचा शेवट एकाच वाक्याने होई: "तूर्त निर्णय राखून ठेवू." हे वाक्य ते अशा समाधानाने म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, काहीतरी पार पडलं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत त्यांनी हा विषय आणला होता. अध्यक्ष गाला हात जोडून म्हणाले, "तावडेसाहेब, टाकी गळते आहे. आधी टाकीचं बोला ना." तावड्यांनी टाकीच्याही दोन्ही बाजू मांडल्या. ती अजून गळते. पहिल्या मजल्यावरचे जोशी गेले तेव्हा आम्ही स्मशानात बाकावर बसलो होतो. जोशींचा पुतण्या आयटीत आहे असं कळल्यावर तावडे त्याच्याजवळ सरकले. बराच वेळ खाली मान घालून बसले. मग हळूच विचारलं, "तुमच्याकडे ऑफिसात काय वापरतात?" पोरगा रडता रडता थांबला आणि म्हणाला, "दोन्ही." तावडे त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तेच कठीण असतं."

मला बरेच दिवस वाटत होतं की हा निव्वळ स्वभाव आहे. एखाद्याला पेटी वाजवायचा नाद असतो, यांना न ठरवण्याचा.

एका रविवारी संध्याकाळी मी त्यांची शिडी परत करायला गेलो. दार उघडंच होतं. तावडे इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी शिडी भिंतीला लावणार, तोच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू. सायली आलीय."

सायली ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर ती कॅनडात गेली. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे अंधार होता. मग तावड्यांच्या नजरेमागे माझी नजर गेली. पडद्यावरचा माउसचा बाण आपला आपण फिरत होता. तिकडे तिची सकाळ होती, आणि ती तिथे बसून एका सॉफ्टवेअरच्या मदतीने वडिलांचा कॉम्प्युटर चालवत होती. बाजूला फोन स्पीकरवर होता.

"बाबा, खालची पट्टी डावीकडे कशी गेली?"

"गेलीय खरी."

"मागच्या आठवड्यात वर गेली होती."

"हो. वर होती."

बाण पडद्यावरून खाली आला, काहीतरी उघडलं, मिटलं. मग मध्येच थांबला. फोनवरही शांतता होती. तावडे माझ्याकडे वळून कुजबुजले, "चहा घेत असेल. तिला मध्ये चहा लागतो." आणि स्वतःचा कप उचलून त्यांनीही एक घोट घेतला.

मी शिडी ठेवून निघालो तेव्हा बाण पुन्हा चालू लागला होता आणि ते त्याच्याकडे, अंगणात खेळणाऱ्या मुलाकडे बघावं, तसे बघत होते.

त्यानंतर एका शनिवारी मी सहज डोकावलो, तर तावडे स्वतःच पडद्याच्या कडेची ती पट्टी माउसने धरून उजवीकडे ओढत होते. जीभ दातांत धरलेली.

"काय करताय?"

"बघतोय, इकडे जाते का."

गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला. तावडे खोटं बोलणारा माणूस नव्हे. रविवारी मुलीला जो बिघाड सांगायचा तो खराच असला पाहिजे, एवढी काळजी ते घेत.

मग त्यांच्या विंडोजची मुदत संपल्याची सूचना पडद्यावर यायला लागली. तावड्यांनी ती नोटीस आल्यासारखी गंभीरपणे वाचली आणि निर्णय राखून ठेवला. पण त्याच आठवड्यात मला सायलीचा फोन आला.

"काका, तुम्ही त्यांना लिनक्स टाकून द्याल का? प्लीज. ते तुमचं ऐकतात."

"ते कोणाचंच ऐकत नाहीत. ते सगळ्यांचं ऐकून घेतात."

ती हसली, पण थोडंच. "आठवडाभर ऑफिस असतं, शनिवार पोराच्या क्लासेसमध्ये जातो. झोपायला एक रविवारची सकाळ मिळते, ती त्यांच्या त्या पट्टीत जाते. आणि खरं सांगू का, मला त्यांच्याशी बोलायचं असतं हो. पण आम्ही बोलतच नाही. मी क्लिक करते, ते बघतात. हा कॉम्प्युटर एकदा मधून गेला ना, की आम्ही नीट बोलू."

मला त्यात चूक काढता आली नाही. इतकंच आठवलं की तावड्यांच्या घरात फोनवर बोलायचं काम वहिनींकडे होतं. मुलीचा फोन आला की तावडे उचलत आणि "थांब, आईला देतो" एवढं म्हणत. बापलेकींची वर्षानुवर्षांची बातचीत या वाक्यात आटपली होती. वहिनी गेल्या, आणि फोन द्यायला कोणी उरलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉम्प्युटर बिघडायला लागला होता.

मी लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. तावडे तयारीत होते.

"मराठी टाइप होतं?"

"होतं."

"बँकेचं?"

"चालतं."

"पेन्शनची साइट?"

"काल माझ्याकडे उघडून बघितली. चालते."

"प्रिंटर?"

"तावडेसाहेब."

"बरं, राहू दे." त्यांच्या बाजूचे मुद्दे एकेक करून संपत चालले होते आणि ते त्यांना दिसत होतं. "हँग होत नाही म्हणतात."

"सहसा नाही."

"व्हायरस?"

"काळजी करण्यासारखा नाही."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि वॉचमन "आने दो, आने दो" म्हणत होता. तावडे मालवणी बोलतात ते गावच्या माणसांशी, नाहीतर बेसावध असताना. माझं गाव सातारा आहे.

"मगे ह्यां बिघडतलां कधी?" त्यांनी विचारलं.

मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि म्हटलं, "मी सायलीला सांगतो, मशीन जुनं आहे, यावर चढत नाही. तिला कळणार नाही."

"चढतं ना पण?"

"चढतं."

"मग तसं कसं सांगणार?" ते परत येऊन खुर्चीत बसले. "तुला काय म्हणाली ती?"

"काही नाही. सहज..."

"झोप होत नाही म्हणाली?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आवाजावरून कळतं मला. लहानपणीही झोप नाही झाली की नाकात बोलायची." ते पडद्याकडे वळले. "रविवारी तिकडे बर्फ असतो, मास्तर. पोरीने उठून, हीटर लावून, बापाची पट्टी सरळ करायची. दुसरी बाजू ही आहे. ती मी कधी मांडलीच नाही." मग सरळ बसून, ऑफिसात म्हणत असतील तशा आवाजात म्हणाले, "टाक."

"तुम्ही ही पट्टी नंतरही ओढू शकता," मी म्हटलं. "लिनक्समध्येही असते."

"मुद्दाम?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाच देऊ केली होती. "इतके दिवस मी ती तिकडे जाते का ते बघत होतो. आता जाते हे माहीत आहे."

अर्ध्या तासात काम झालं. जुना कॉम्प्युटर तरतरीत झाला. तावड्यांनी चहा केला आणि नव्या पडद्याचं मनापासून कौतुक केलं. "झकास आहे," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. काही अडलं तर असावा म्हणून, असं म्हणाले. शर्ट इस्त्रीचा होता. फोन आला, सायलीचा आवाज ताजातवाना होता.

"बाबा! झोप झाली हो आज माझी. नऊपर्यंत झोपले."

"वा वा. छान."

"मग? काय म्हणता?"

"मी ठीक."

"जेवलात?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"भात."

तिने कसला भात ते विचारलं. त्यांनी साधा म्हणून सांगितलं. मग दोघं गप्प झाली. ती पलीकडे विषय शोधत असावी. तावडे इकडे शोधत होते, हे मला दिसत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग फोन किंचित उचलला, कोणाच्या तरी हातात द्यावा तसा, आणि परत टेबलावर ठेवला.

"आणि कॉम्प्युटर, बाबा? नीट चालतोय ना?"

"उत्तम," तावडे म्हणाले.

"चला, बरं झालं. मग ठेवू?"

"ठेव. झोप थोडी अजून."

इमारतीत आता त्यांचं पाहून आणखी दोघांनी लिनक्स टाकलं आहे. कोणाचीच तक्रार नाही.