तबकडी क्रमांक ४१७ चा भाव

आपल्याला काय वाटतंय हे माणसाला वेळच्या वेळी लेखी कळवलं नाही, तर समाजात गोंधळ माजतो. हे ओळखूनच त्या शहराच्या संगीत ग्रंथालयाने प्रत्येक तबकडीच्या वेष्टनावर तीन नोंदी छापल्या होत्या: लय, पट्टी आणि भाव. लय घड्याळाने मोजता येते, पट्टी सूरपेटीने. भावाला मात्र तीन सदस्यांची समिती लागते (पैकी एकाला ऐकू कमी येतं; त्याचं मत निःपक्षपाती धरलं जातं). मंजूर भाव एकंदर नऊ. दहावा आल्यास श्रोत्याने तो घरच्या घरी आवरावा, अशी विनंती दारावरच लावलेली होती.

या व्यवस्थेवर सर्वांत गाढ विश्वास होता तो तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचा. सूनबाई पदवीधर होत्या, पहिलटकरीण होत्या, आणि औषधाच्या बाटलीपासून दुपट्याच्या शिवणीतल्या चिठ्ठीपर्यंत सगळ्या सूचना वाचून काढत. मूल सात महिन्यांचं. शेजारी त्याला ‘भोंगा’ म्हणत, लाडाने नव्हे. भोंगा दुपारी बाराच्या ठोक्याला सुरू होई आणि एकाच गोष्टीने बंद होई: ग्रंथालयातून आणलेल्या तबकडी क्रमांक ४१७ने. नुसतं व्हायोलिन. दुसऱ्या मिनिटाला त्याची मूठ सुटे, चौथ्याला तोंड उघडं पडे, आणि मग दोन तास घरात माणसं राहतात असं वाटे.

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणूनच सूनबाईंना धास्ती वाटू लागली. एका दुपारी त्यांनी वेष्टन उलटून पाहिलं.

‘लय: द्रुत. पट्टी: काळी दोन. भाव: वीर.’



“अहो आई, ह्याला वीरश्री चढायला हवी. हा चक्क घोरतोय!”

सासूबाई उशीला अभ्रा घालत होत्या. “झोपलंय ना? मग त्याला ते वाचून दाखवू नकोस म्हणजे झालं.”

पण सूनबाईंचं मन खाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीने ‘शांत’ ठरवलेली विलंबित लयीतली तबकडी आणली. भोंगा पन्नास मिनिटं रडला (लय: अतिद्रुत; पट्टी वरचेवर चढती). खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर येऊन म्हणाले, “वहिनी, माझ्या हातून एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवून झाल्या.” तेव्हा सूनबाईंनी पुन्हा ४१७ लावली आणि मूल झोपल्या झोपल्या ग्रंथालयाला पत्र लिहिलं: ‘आमचे बाळ आपल्या नोंदीनुसार वागत नाही. कृपया मार्गदर्शन व्हावे.’

मार्गदर्शन तिसऱ्या दिवशी आलं. ‘नियम चौदा: छापील भावाविरुद्ध वापरात असलेली तबकडी परत घेण्यात येईल. तत्पूर्वी भावनिरीक्षक समक्ष खात्री करतील.’

 सासूबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, “पदवी कशातली म्हणालीस तुझी?”

निरीक्षकांच्या डोळ्यांपुरतं तरी मूल जागं राहावं म्हणून सूनबाईंनी दोन दिवस तालीम घेतली. तबकडी लागली की ताटली वाजवायची, तळव्याला गुदगुल्या करायच्या. भोंगा ताटलीच्या ठेक्यावर जास्तच लवकर झोपू लागला.

निरीक्षक साडेबाराला आले. सडसडीत गृहस्थ, एका खांद्याला सूरपेटी, गळ्यात थांबघड्याळ. तबकडी लावली. लय बरोबर निघाली, पट्टी बरोबर निघाली. मग पाळण्यापाशी वाकून त्यांनी छापील तक्ता काढला.

“छाती फुगतेय?”

“श्वासापुरती,” सूनबाई म्हणाल्या.

“मूठ?”

“सुटली.”

“नजर रोखलेली आहे का?”

सूनबाईंना खोटं बोलता येईना. त्यांनी वेष्टन छातीशी धरलं. “साहेब, हिच्याशिवाय झोपत नाही हो तो. आणि तो झोपला नाही तर...”

“ताई, भावनेला जागा आहे. पण ती रकान्यात. द्या इकडे.”

कोपऱ्यात उशांना अभ्रे घालत बसलेल्या सासूबाईंनी हातातला अभ्रा बाजूला ठेवला. “काय हो, लढाई संपल्यावर वीर काय करतो?”

निरीक्षकांनी तक्ता उलटून पाहिला. तक्त्यात नव्हतं. “घरी येत असावा.”

“आणि घरी येऊन?”

“...झोपत असावा.”

“मग? हा सकाळी सहापासून लढतोय. हवं तर माझ्या कमरेला विचारा.”

 निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढून तक्त्यात लिहिलं: ‘भाव: वीर (उत्तरार्ध).’

तबकडी घरातच राहिली. दुरुस्तीची चिठ्ठी मात्र सगळ्या प्रतींवर चिकटवण्यात आली, आणि तिचे परिणाम समाधानकारक होते. तीनशे बारा सभासदांपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव जणांना पहिल्याच आठवड्यात ४१७ ऐकून जांभई आली. एक निवृत्त बँडमास्तर चाळीस वर्षं याच तबकडीवर सकाळचा व्यायाम करत; ते आता तिच्यावर आडवे होतात, आणि इतका घाम फुकट गाळायला लावला म्हणून ग्रंथालयावर चिडून आहेत. व्हायोलिनमध्ये काही फरक पडल्याची नोंद नाही.

सूनबाईंच्या जिवाला स्वस्थता आली.

मग बाळाच्या नवव्या महिन्यात एका दुपारी तबकडी लागली आणि भोंगा ताडकन उठून बसला. पाळण्याचा कठडा धरून त्याने छाती फुगवली, मूठ वळली, आईवर नजर रोखली आणि अशी आरोळी ठोकली की खाली शिंपीकाकांचं मशीन थांबलं.

सूनबाईंनी बाळाकडे पाहिलं. मग वेष्टनाकडे. वेष्टनावर शिक्का मारलेली चिठ्ठी होती: ‘भाव: वीर (उत्तरार्ध).’

“झोपला बाई एकदाचा,” त्या हळूच सासूबाईंना म्हणाल्या, आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

हे वाचताना हसू आलं असल्यास काळजीचं कारण नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावर भाव ‘विनोदी’ असा छापलेला आहे, आणि तो तुम्ही पहिलं पान उघडण्याआधीच पाहून ठेवला होता.