'तळ्याचा तळतळाट' आणि हरवलेलं भूत

"सोलापुरात दोनच गोष्टी लपत नाहीत. एक ऊन आणि दुसरी माझी बुद्धी. अहो, माझ्या नावातच तिसरा डोळा आहे!" आमचे हे, म्हणजे विरुपाक्ष, येईल त्याला असं सांगतात. असेल बाई तिसरा. जन्मापासूनचे दोन वापरले असते तरी माझं भागलं असतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर त्यांनी 'गुप्तहेर' अशी पाटी लावली आहे, चौकातून वाचता येईल एवढी. मी महेश्वरी, त्यांची सहायक. पगार नाही, डबा मात्र मीच न्यायचा.

माझा धाकटा भाऊ गुरुशांत भुताचा सिनेमा काढत होता, 'तळ्याचा तळतळाट'. त्यासाठी अक्कलकोट रस्त्याला आत, एका वस्तीजवळचा पाझर तलाव त्यानं शोधला. पाणी गुडघाभर. कुणाला बुडायचं असेल तर आधी मांडी घालून बसावं लागे. भूत म्हणजे त्याच्या सासऱ्यांच्या दुकानातली, काचेमागे साडी नेसून उभी असते ती प्लास्टिकची बाई. एक हात तुटल्यामुळे तिला सिनेमात काम मिळालं होतं.

भाड्याचा कॅमेरा उद्या परत जाणार होता. आणि सासरे चनबसप्पा यांनी बजावलं होतं, की तोवर सिनेमा पुरा झाला नाही तर जावयानं जन्मभर दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या. एकच शॉट राहिला होता, संध्याकाळी पाण्यातून भूत उठतं तो. आणि दुपारी गुरुशांतचा फोन आला, "अक्का, भूत चोरीला गेलं!"

पोरगं रडत होतं. यांना मात्र इतका आनंद झाला की यांनी दुसऱ्याचीच चप्पल घातली.

तलावाच्या काठी खडकावर भुताची पांढरी साडी नीट घडी करून ठेवलेली होती. शेजारी तांदळाचे दाणे, हळदीची बोटं आणि नारळाची शेंडी.

"नारळ!" हे म्हणाले. "गुन्हेगार कोकणातला आहे. हळद आहे, म्हणजे जखमी आहे."

"अहो, हे तर..."

"सहायकानं मधे बोलायचं नसतं." मग साडीकडे बघून यांचा आवाज खाली आला. "घडी बघ. चोर कधी घडी घालतो? भूत स्वतःच साडी बदलून गेलंय."

हे ऐकून कॅमेरावाला जीपमध्ये जाऊन बसला. त्याला बाहेर काढेपर्यंत यांचा तिसरा सिद्धांत तयार होता.

"चनबसप्पा! बाई त्यांची, सिनेमा बुडावा ही इच्छाही त्यांचीच."

"दाजी, माझे सासरे आहेत ते!"

"म्हणूनच संशय," असं म्हणत यांनी फोन लावलाही. "मामा, सगळं बाहेर आलंय! तलावावरची बाई कुठं लपवलीत?"

फोन सासूबाईंनी उचलला होता. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला.

आता भावाचा सिनेमाच काय, सासुरवाडीही जाणार, म्हणून मी उठले. तांदूळ, हळद आणि नारळ एकत्र दिसल्यावर काय ओळखायचं ते कुठल्याही बाईला कळतं. बांधापलीकडे वस्तीवरची अंबुबाई शेळ्या राखत होती. तिला सरळ विचारलं.

"व्हय, आमीच न्हेली की," ती म्हणाली. "उन्हात उभी हुती. पांढरं कापड, हातात बांगडी न्हाय. पाण्याकडंला बाईची मूर्ती म्हंजी पाण्यातली देवी, आसराच की. वटी भरली."

"अहो, प्लास्टिकची आहे ती!"

"ते कळतंय की. देवळातली तरी कुटं हाडामासाची असती?"

मी सगळ्यांना हाक मारली आणि तिच्या मागून निघाले.

लिंबाखाली, साती आसरांच्या शेंदरी दगडांशेजारी भूत उभं होतं. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, असलेल्या एका हातात बांगड्या. दुकानात इतकी वर्षं उभी होती, पण इतकी चांगली कधी दिसली नव्हती. गुरुशांत तिला उचलायला वाकला, तशा वस्तीवरच्या बायका पुढे झाल्या.

"वटी भरल्याली हाय," अंबुबाई म्हणाली. "आता तिला परत पांढरं नेसवतोस व्हय?"

गुरुशांत मटकन खाली बसला. "संपलं, अक्का." ऊन उतरत होतं. मला त्याच्या हातात साड्यांच्या घड्या दिसायला लागल्या. मग खडकावरची पांढरी साडी दिसली. मग हे दिसले.

"शक्य नाही!" हे ओरडले. "भुताला मिशी नसते!"

"पदर घ्या. आणि वेषांतर येत नसेल तर पाटी काढा."

तेवढं लागलं. केसांच्या जागी तळ्यातलं शेवाळ घालून हे पाण्यात बसले. सूर्य टेकला, हे उठायला गेले आणि त्याच क्षणी खेकड्यानं अंगठा धरला. यांनी फोडलेल्या किंकाळीनं शेळ्या उधळल्या. कॅमेरावाला पुन्हा जीपमध्ये होता, पण कॅमेरा चालू होता.

"कट!" गुरुशांत हसत रडत माझ्या गळ्यात पडला. "झाला, अक्का, सिनेमा झाला!" मीही रडले.

हे निथळत काठावर आले. "बघितलंस? शेवटी मीच छडा लावला."

शेळ्या गोळा करून आलेली अंबुबाई यांच्याकडे बघत राहिली. "बाई, ह्ये कोण?"

"माझे मालक."

तिनं एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग लिंबाखाली जाऊन भुताच्या ओटीतला नारळ आणला आणि माझ्या पदरात घातला.

"घे बाई. तिच्यापरास तुला गरज हाय."