गादी भरून मिळेल का?

भिकाभाऊंनी आजवर मला एकही वस्तू हातात दिलेली नाही. आमची घरं समोरासमोर. त्यांच्या मळ्यातलं भरताचं वांगं आलं, की रस्त्यापलीकडून "अक्का, झेल" असा आवाज येतो आणि आवाजामागोमाग वांगं. किल्ली, नारळ, एकदा तर गुळाची ढेपसुद्धा. मी पाचोऱ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. मला हात शाबूत लागतात. हे सांगितलं तर म्हणाले, "चालत जाईसन देवाले येळ कोनले शे?" माणूस दिवसभर ओट्यावर बसून असतो.

जर्मन-जपानच्या लढाईआधी आमच्या गावचा क्रिकेटचा संघ कापसाच्या जीनच्या आवारात खेळायचा. चेंडू उंच गेला, की कापसाच्या ढिगात पडे आणि अकराच्या अकरा जण ढीग उपसत बसत. म्हणून भिकाभाऊ सरळ, जमिनीलगत फेकायला शिकले. ती फेक फक्त उस्मानला झेलता यायची. उस्मान म्हणजे आमचा पिंजारी, गावच्या गाद्या भरणारा. तो स्टंपांमागे उघड्या हातांनी उभा राही, कारण संघाचे हातमोजे उंदरांनी खाल्ले होते.

धुळेकरांशी झालेल्या सामन्यात शेवटच्या चेंडूवर भिकाभाऊंनी अशी काही फेक केली, की गडी बाद झाला, पाचोरा जिंकलं आणि उस्मानच्या डाव्या करंगळीचं हाड मोडलं. गावाने भिकाभाऊंना खांद्यावर घेतलं. उस्मान एकटाच चालत दवाखान्यात आला. करंगळी मीच बांधली. ती वाकडी बसली, कारण तिसऱ्या दिवशी या गृहस्थाने पट्टी सोडून पिंजण हातात घेतलं.

पुढे दोघांनी मिळून फौजेत जायचं ठरलं. जळगावला डॉक्टरने भिकाभाऊंना घेतलं आणि करंगळी बघून उस्मानला परत पाठवलं. तेव्हापासून उस्मान त्यांच्याशी बोलला नाही. माझ्या मते त्याने त्या करंगळीचे आभार मानायला हवे होते. पण असं शहाणपण ज्याची करंगळी नाही त्यालाच सुचतं.

फौजेत नाव घालताना भिकाभाऊंनी "काय येतं?" याला "फेकता येतं" असं उत्तर दिलं. बाँब फेकायला मिळेल अशी त्यांची समजूत. सरकारने त्यांना ब्रह्मदेशाच्या सीमेवर ट्रकमधून रेशन उतरवायला ठेवलं. "बठ्ठी लढाई मी बटाटा फेकीसन जिंकी," असं ते सांगतात. अमेरिकन शिपायांबद्दल मात्र त्यांचं मत वाईट. "हातले गादी बांधीसन चेंडू झेलतस. उस्मान उघडा हातवर झेले." हे वाक्य ते परत आल्यापासूनच्या दीड वर्षात मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. उस्मानच्या दुकानावरून जाताना मात्र ते मान खाली घालून जातात.

परवा मी माझी गादी आणायला उस्मानकडे निघाले, तर भिकाभाऊ रस्ता ओलांडून आले. चालत. हातात चेंडू झेलायचा कातड्याचा फुगीर पंजा, त्या अमेरिकनांचा. शिवण एका जागी उसवलेली.

"अक्का, नेई दे ना. उस्मानले सांग, गादी भरनी शे."

"कुणासाठी आणलात हा?"

त्यांनी उसवलेली जागा अंगठ्याने झाकायला पाहिली. पंजा आणून दीड वर्ष झालं होतं आणि शिवण आजच सकाळी उसवल्यासारखी दिसत होती.

"भाऊ, मी टपालखातं नाही. चला माझ्याबरोबर."

उस्मान माझीच गादी भरत बसला होता. भिकाभाऊ दाराशी थांबले आणि त्यांनी पंजा दोन्ही हातांवर ठेवून पुढे केला, प्रसाद द्यावा तसा.

"गादी शे," ते म्हणाले. "भरनी शे."

उस्मानने त्या पंज्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हातमा काय देस, भिक्या? फेक."

भिकाभाऊंनी फेकला, इतका हळू, की माझ्यासारखीनेही झेलला असता. उस्मानने तो दाबून पाहिला. "हाई कोनी भरी? बठ्ठ्या गाठी शेतस." मग वाकड्या करंगळीचा हात त्याने आत घातला, उठला, माझ्या गादीवर पाय देऊन मागच्या अंगणात गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

भिकाभाऊंच्या खिशातून चेंडू निघाला.

माझी गादी त्या दिवशी काही झाली नाही.