लाल फुलांचा पंचनामा

मौजे सावंगखेड, तालुका मेहकर, इथले पोलीस पाटील इंद्रभान यांना वयाची एक्कावन्न वर्षं उलटली तरी सरकारदरबारी बसता आलेलं नव्हतं. दरवर्षी माघात जिल्ह्याचे गोरे साहेब दौऱ्यावर निघत, मेहकरच्या आमराईत तंबू पडत, दरबार भरे, आणि कोणी कशावर बसायचं हे सरकारने आधीच ठरवलेलं असे. काहींना खुर्ची, काहींना बाक, आणि उरलेल्यांना स्वतःचे पाय. इंद्रभान पाटील उरलेल्यांत मोडत. त्यांच्या वडिलांचीही हयात सरकारपुढे उभ्यानेच गेली होती. शेजारच्या गावचे अर्जुनराव पाटील मात्र खुर्चीवाले. दर दरबारात ते आरामात मागे टेकून विचारत, "काऊन हो इंद्रभान, पाय दुखून राह्यले का?" हे एक वाक्य पाटलाला पुढचं वर्षभर पुरे.

त्या वर्षी साहेबांच्या मडमेला वऱ्हाड फार कोरडं वाटलं. मडमेला वाटलं म्हणजे सरकारला वाटलं. लगोलग हुकूम निघाला की मध्यप्रांत व वऱ्हाडच्या भरभराटीसाठी तालुक्यातल्या प्रत्येक पाटलाने परसात विलायती पॉपीच्या फुलांचा एक वाफा करावा. माघात मडमसाहेब जातीने तपासणी करतील. सर्वोत्तम वाफ्याच्या धन्यास दरबारात खुर्ची मिळेल. पटवारी वामनराव एक कागदाची पुडी आणि एक छापील पत्रक घेऊन आले. पत्रकात लिहिलं होतं की बी राखेत मिसळून भुरभुरावं, मातीने झाकू नये, पाणी हलक्या हाताने शिंपडावं, उगवलेलं रोप कोणत्याही सबबीवर उपटू नये, आणि फूल तांबडं यावं अशी सरकारची अपेक्षा आहे. पाटलाने पत्रक देव्हाऱ्यात ठेवलं आणि पुडी उंदरांच्या भीतीने स्वयंपाकघरातल्या फडताळात. ही एवढी एक चूक पाटलाची. पुढच्या सगळ्या सरकारी.

दिवाळी झाली, पाडव्याला वाफा तयार झाला, आणि पाटील फडताळापाशी गेले.

"इथली पुडी कुठी हाये वं?"

"कोनती? खसखशीची?" सत्यभामाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "सरली ना ते. अनारशाले लागली. जराशी काळपट व्हती, म्या म्हटलं जुनी असन."

पाटील मटकन खालीच बसले. सरकारचं बी तळून खाल्लं गेलं होतं, आणि तेही एकट्या पाटलाच्या घरात नाही. फराळाला पटवारी वामनराव आले होते आणि त्यांनी सात अनारसे खाऊन आठवा मागितला होता.

"आता माही खुर्ची गेली ना वं!"

"अवो, इतके काऊन घाबरता?" बाई म्हणाल्या. "खामगावच्या बजारची खसखस हाये ना डब्ब्यात. पांढरीफेक, ताजी. ते पेरा. खसखस ते खसखस."

बाईंचं शास्त्र इथे थोडं कमी पडलं, पण हात कमी पडला नाही. राखेत मिसळून त्यांनी ती अशी भुरभुरली की आठवड्याभरात वाफा हिरवा झाला. मार्गशीर्षात रोपं गुडघ्याला आली, पौषात कमरेला, आणि माघ लागताच सगळा वाफा पांढराशुभ्र फुलला. तांबड्याचं नाव नव्हतं, पण सुतळी धरावी तशी सरळ, टपोरी फुलं होती. अर्जुनरावांचा वाफा तर बकरीने खाल्ल्याची पक्की खबर होती. पाटील रोज सकाळी वाफ्यापाशी ओट्यावर बसून खुर्चीत बसायचा सराव करू लागले.

एक दिवस नाल्याकाठचा मळेवाला पुंजाजी वांगी द्यायला आला. त्याने फुलांकडे पाहिलं, एक बोंड हलकेच दाबलं आणि टोपली खाली ठेवली.

"पाटील, हे अफू हाये."

"काहीही बोलून राह्यला का बे?"

"तुमच्या पायाची आन. तरणा असतानी म्या माळव्यात मजुरी केली. वावरंच्या वावरं पाह्यली अशी. खसखस याच बोंडातली."

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. गावात विनापरवाना अफू दिसल्यास पोलीस पाटलाने चोवीस तासांत रिपोर्ट करावा, न केल्यास पाटीलकी जाईल, हा नियम त्यांना पाठ होता. रात्रीतून उपटून टाकावी तर रोप उपटू नये हाही सरकारचाच हुकूम. पाटलाने वामनरावांचं घर गाठलं.

"नियम तो नियम," वामनराव म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट लिहायला घेतला. गुन्हा: अफूची लागवड. लागवड करणार: इंद्रभान पाटील. खबर देणार: इंद्रभान पाटील. खबर देणाराचे आरोपीशी काही वैर आहे काय: नाही. नातं आहे काय: आहे, निकटचं. अनारशांसाठी त्या फॉर्मात रकाना नव्हता, म्हणून ती हकिगत वामनरावांनी गाळली.

तिसऱ्या दिवशी अबकारी खात्याचे सब-इन्स्पेक्टर महादेवराव घोड्यावरून आले. खबर देणाऱ्याचा त्यांनी हात हातात घेतला. "शाबास पाटील! बसा, बसा. असे इमानदार लोक आता कुठे मिळतात?" पाटील बसले. "आता आरोपीला हजर करा." पाटील उठले. "मीच हाओ, साहेब." "मग उभे राहा!" जबानी घेताना पाटील नऊ वेळा बसले आणि नऊ वेळा उठले.

महादेवरावांनी वाफा उपटायचा हुकूम दिला, तेव्हा वामनरावांनी देव्हाऱ्यातलं पत्रक पुढे केलं. "वाफा मडमसाहेबांचा आहे. उद्या तपासणीला येतायत." महादेवरावांचा विळा हातातच राहिला. उपटावा, तर मडमेची बाग उद्ध्वस्त केली. ठेवावा, तर अफू पाळली. मडमेच्या बियांची अफू झाली म्हणावं, तर साहेबांच्या घरातूनच अफूचं बी वाटलं असा अर्थ निघे; आणि तो अर्थ काढणाऱ्याची नोकरी त्याच्याआधी जाई. महादेवराव बराच वेळ मिशी चावत बसले.

"अफूची फुलं पांढरी," शेवटी ते म्हणाले. "मडमसाहेबांची लाल. तेव्हा ही लाल आहेत. पंचनामा करा."

पाच पंच बोलावले. चौघांनी वाफ्याकडे न बघताच अंगठे उठवले, कारण बघून अंगठा उठवायला जास्त वेळ लागतो. पाचवा पुंजाजी.

"पन पांढरी हायेत ना हो, साहेब."

"पुंजाजी," वामनराव शांतपणे म्हणाले, "तुझ्या मळ्यात काय पेरलंय, ते पेरेपत्रक अजून लिहायचंय मला."

पुंजाजीने पाटलाकडे पाहिलं. पाटील फुलांकडे पाहत होते.

"मंग लालच असतीन," पुंजाजी म्हणाला, आणि त्याने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी मडम आली, वाफा पाहून थबकली आणि साहेबांना काहीतरी बोलली. साहेबांनी पंचनामा वाचून घेतला, शिक्का पाहिला, पाच अंगठे पाहिले, आणि इंग्रजीत उत्तर दिलं. महादेवरावांनी लोकांना तर्जुमा सांगितला: "साहेब म्हणतात, या मुलखातलं ऊन मडमसाहेबांच्या डोळ्यांना मानवत नाही." सावंगखेडचा वाफा तालुक्यात पहिला आला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण रिपोर्टला नंबर पडला होता. नंबर पडलेला गुन्हा परत जात नाही. गावात अफू आहे अशी नोंद होती; पाटलाच्या परसात तर लाल फुलं; मग अफू होती कुठे? महादेवरावांनी चावडीवर सगळ्यांना विचारलं, "या गावात अफू ओळखतो कोण?" सगळ्यांच्या माना पुंजाजीकडे वळल्या.

"तुला कशी ओळखू येते रे?"

"म्या माळव्यात मजुरी केली, साहेब."

"लिहा," महादेवराव म्हणाले, "आरोपी पूर्वानुभवी." वामनरावांनी पेरेपत्रकात वांग्याच्या खाली लिहिलं: अफू, दोन गुंठे. मळ्याचा पंचनामा त्याच पंचांनी केला. पाचवा आता आरोपी असल्याने एक जागा कोरी राहिली.

दरबार भरला. पाटलाची खुर्ची वेताची होती, पाठीला बाक असलेली, अर्जुनरावांच्या खुर्चीपेक्षा दोन बोटं उंच. पुंजाजीला समोर उभं केलं. सरकारने पोलीस पाटलाचं म्हणणं विचारलं, तेव्हा पुंजाजी हात जोडून म्हणाला, "पाटील, तुमी तरी सांगा ना. कोनता रंग व्हता?"

पाटलाला लाज वाटली. खोटं कशाला बोला, फार लाज वाटली. खरं सांगायचं तर उभं राहून सांगावं लागणार होतं, दरबाराची रीतच तशी. एकदा उठलेल्या माणसाला पुन्हा बसायला सांगतील की नाही, याची खात्री नव्हती.

"लाल," पाटील बसूनच म्हणाले.

पुंजाजीला सहा महिन्यांची कैद झाली.

आता एक किरकोळ बाब उरते. फुलं पांढरी होती, हे हा मजकूर वाचणाऱ्या आपणांसही पक्कं ठाऊक आहे. पंचनाम्याच्या वेळी आपण तिथेच होता, आणि हसत होता. सबब, ही माहिती आपणांस कुठून मिळाली व त्या वेळी आपण का बोलला नाहीत, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत सादर करावा. खुलासा देणं अडचणीचं वाटत असल्यास हरकत नाही. पंचाची एक जागा अजून कोरी आहे. तिथे सही करून मोकळं व्हावं.