शिनोलीपर्यंत पोचणारी पावडर

अडचणीतल्या माणसाला कुणी आधार देतं, कुणी सल्ला देतं. सल्ला तर न मागताही देतं. शिनोलीच्या मारुतीआबांनी मला स्वतःचे दोन्ही गाल दिले. पाच महिने मी ते कापले. आज माझा हात बसलाय तो त्या गालांवर, म्हणून आधी त्यांचं नाव घेतो आणि मग बाकीचं सांगतो.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली. शाळेनंही फार अडवलं नाही. आळेफाट्यावर हॉटेलात भांडी घासली, गॅरेजात टायर उचलले, आणि चोविसाव्या वर्षी घोडेगावात एका सलूनमध्ये वस्तरा धरला. आईला फोनवर सांगितलं, पर्मनंट लागलो. खरं तर शेठ म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत हात बसला तर ऱ्हा. न्हाईतर आळेफाट्याला जायचं आन् नगरची गाडी धरायची." परत गेलो तर आईला काय तोंड दाखवायचं, या विचारानं हात थरथरायचा. हात थरथरला की गिऱ्हाईक ओरडायचं. ते ओरडलं की हात आणखी थरथरायचा. पंधरा दिवसांत घोडेगावात असं झालं की लोक शेठच्या खुर्चीसाठी तासभर पेपर वाचत बसायचे आणि माझी खुर्ची पंख्याखाली मोकळी वारा खायची.

त्या खुर्चीत एका सकाळी मारुतीआबा येऊन बसले. सत्तरीचे, जवळच्याच शिनोली गावचे भातशेतीवाले, मिशी जाड, रंग उन्हानं पक्का केलेला. म्हणाले, "दाढी कर कशीबी. पावडर मातर मी सांगंन तशी."

दाढीत मी त्यांना तीन ठिकाणी कापलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मी तुरटी फिरवली, गालाला पावडरचा हलका हात मारला आणि टॉवेल झटकला.

"झालं?" आबा म्हणाले.

"झालं की."

"ह्याला पावडर म्हनत्यात? ही तर एस्टी स्टँडापर्यंतबी जायाची न्हाई. पावडर शिनोलीपर्यंत पोचली पायजे!"

मग त्यांनी रीत शिकवली. पहिला हात गालांना, दुसरा कपाळाला आणि मानेला, आणि तिसरा 'वाटखर्चाचा'. म्हणजे वाटेत जी उडेल, घामानं जाईल, तिच्या भरपाईचा. तीन हात झाले की आबांचा चेहरा पिठात लोळवलेल्या जांभळासारखा दिसायचा. हे माझं म्हणणं नाही, त्यांचंच आहे. "आमी मूळचं जांभूळ," ते आरशात बघत म्हणायचे, "आता कसं इक्रीला काढल्यावानी दिसतंय."

दुकानात थट्टेला ऊत यायचा. "आबा, गिरणीतनं आलात का?" कुणी विचारी. आबा म्हणत, "व्हय. माजं दळान झालं, पावणं. तुमचं राह्यलंय." कुणी म्हणे, "मारुतीला शेंदूर लावत्यात हो, पावडर न्हाई." आबा म्हणत, "मंग तू आन शेंदूर. तेल मी देतो."

एकदा शेठनी दाढीनंतर लावायचं लोशन आणलं. म्हणाले, पावडर आता जुनी झाली, शहरात कुणी विचारत नाही. मी लोशनचे दोन थेंब आबांच्या गालाला लावले. त्या गालावर माझे ताजे चार ओरखडे होते. आबा खुर्चीतून असे उठले की अंगावरचं कापड धोतरात अडकून बाहेर गेलं. "ह्यो काय मिरचीचा ठेचा हाय का रं?" रस्त्यावरून त्यांनी विचारलं. मग परत येऊन बसले. "लाव पावडर. तीन हात."

आणि माझी चूक सांगतो, म्हणजे लपवलं असं नको. सुरुवातीला शेठनी फोन करून सांगितलं, "येताना पावडर घेऊन ये." आमच्याकडे पावडर म्हटली की कापसावर मारायची. शेठची तर टोमॅटोची बाग. मी सरळ कृषी केंद्रात गेलो आणि अर्ध्या किलोचा पुडा आणून आरशासमोर ठेवला. शेठनी पुड्यावरचं कवटीचं चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "दिवाळीची कशाला वाट बघायची? आजच जा की तू!" आबा खुर्चीत साबण लावून बसले होते. फेसातून म्हणाले, "असू द्या हो शेठ. निदान तोंडाला कीड तरी लागली नसती." सगळं दुकान हसलं. शेठही हसले, आणि माझी गाडी चुकली.

रोज दाढी झाली की शेठ येऊन माझं काम तपासायचे. आबा तोवर तीन हात मारून बसलेले. "बघा, शेठ, एक तरी वरखडा दिसतोय का?" दिसणार कसा? त्या पावडरीखाली विहीर खणली असती तरी दिसली नसती.

बरं, ही पावडर सांभाळत न्यायची कसरत वेगळीच. आबा शिनोलीच्या जीपमध्ये कधी पुढे बसायचे नाहीत, वारा लागतो म्हणून. मागे दोन धिप्पाड माणसांच्या मधली जागा शोधायचे. उन्हात चालायचे नाहीत. दाढी झाल्यावर चहा प्यायचे नाहीत, घाम येतो. कुणी मोटारसायकलवर सोडतो म्हटलं तर म्हणायचे, "नगं राव. मानूस पोचंल, पावडर मागं ऱ्हाईल."

मी एकदा विचारलं, "आबा, एवढं कामून? घरी जाऊन लावा की."

माझ्या 'कामून'ला, म्हणजे आमच्याकडच्या 'कशाला'ला, ते नेहमी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. "दारात पाय टाकताना लावलेली पायजे. आत जाऊन लावून काय उपेग?" मला वाटलं, शेजारणींवर छाप पाडायची असेल. माझ्या मनात म्हाताऱ्याबद्दल आणखीही काय काय आलं, ते लिहीत नाही.

दिवाळीला पंधरवडा राहिला आणि आबा यायचे बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. माझी खुर्ची पुन्हा वारा खायला लागली. पाचव्या दिवशी सोमवार, दुकान बंद. भातकापणीत बांधावरून पाय घसरला, मुरगळलाय, एवढं कळलं होतं. सामान पिशवीत घातलं आणि शिनोलीला गेलो.

आबा ओसरीवर पाय लांब करून बसले होते. दाढी वाढलेली, पावडर नाही; ओळखूच येईनात. शेजारी त्यांची बायको, म्हणजे आजी, शेंगा सोलत होती. नजर शेंगांवर नव्हती, समोर कुठेतरी होती. साखरेनं डोळे गेलेत, आबा हळूच म्हणाले. उजेडातलं पांढरं तेवढं कळतं.

दुकानातून दाढी करायला आलोय म्हटल्यावर आजी म्हणाली, "बरं झालं बाबा. चार दिस घरात नुसता आवाज फिरतोय. मानूस काय दिसना."

मी पाणी मागितलं. प्यायला नाही, दाढीला.

त्या दिवशी मी आयुष्यातली सगळ्यात सावकाश दाढी केली. मग पहिला हात, दुसरा हात. तिसऱ्याला आबा म्हणाले, "आता वाटखर्च कशाला? घरातच हाय." मी तरी मारला. आबांचा चेहरा आजीकडे वळला, आणि तिच्या हातातली शेंग थांबली.

"हां," आजी म्हणाली. "आले."

तिनं हात पुढे केला आणि आबांच्या गालावरून बोटं फिरवली. एका गालावरून, मग दुसऱ्या. परत पहिल्या. "आज न्हाई ओरबाडलं वाटतं."

"कुणी?" मी विचारलं.

"मांजरानं. तुमच्या दुकानात नवीन आलंय म्हनं, लई लांबनं. रोज गाल ओरबाडून घ्यून यायचे हे. मी म्हनलं, तिकडं जाता तरी कशाला? तर म्हनले, गरीब हाय गं, घाबरतंय म्हनून नखं मारतंय. शेठला सांगून ठिवलंय, हाकलू नगा, शिकंल."

"अगं गप की," आबा म्हणाले. पावडरीखाली त्यांचा रंग कोणता झाला ते मला सांगता येणार नाही.

माझ्या तोंडून 'म्यांव' निघालं नाही, एवढंच. आजीनं अंदाजानं माझा हात धरला, बोटं एकेक चाचपली आणि म्हणाली, "नखं काढलीत जनू."

दिवाळी झाली. मी अजून घोडेगावातच आहे. माझ्या खुर्चीसाठी आता लोक पेपर वाचत बसतात. आईला पर्मनंट म्हणून सांगितलेलं शेवटी खरं झालं. आबांचा पायही बरा झालाय, ते परत जीपच्या मधल्या जागेत बसून जातात.

पण तो पाय कधीतरी थकेलच. आबा, त्या दिवसापासून तुम्ही घोडेगावला यायचं नाही. रोज सकाळी वस्तरा आणि पावडरचा डबा घेऊन मी शिनोलीला येईन, आधी तुमची दाढी, मग दुकान. तुम्हाला दारात उभं करीन आणि तिन्ही हात मारीन, वाटखर्चासकट. मांजर माणसाला नाही, घराला धरून राहतं म्हणतात. तुमचं मांजर दोन्ही धरून राहील.