चू वेनहायची निष्पाप जीभ

रविवारी पुतण्याच्या लग्नात जेवायला बसायचे की घरी भाताची पेज गिळायची, याचा निर्णय चू वेनहायच्या जिभेवर सोपवला गेला होता; आणि त्या जिभेवर खुद्द वेनहायचाही विश्वास नव्हता.

पत्नी लानइंगचा तर नव्हताच. दोन महिने तिने त्याला उकडलेल्या कोबीवर ठेवले होते, तरी दर मंगळवारी मासेमारीहून तो रिकाम्या टोपलीने आणि तुकतुकीत गालांनी परते. संशय त्या घरात कालव्यावरच्या धुक्यासारखा, दार न वाजवता शिरे. गल्लीतल्या दवाखान्यात जिभेचा फोटो काढून दोष सांगणारे यंत्र आल्याचे कळताच ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलाल. जीभ नाही बोलणार."

"मग तुझीही दाखव की!"

"दाखवीन. मला कसली भीती?"

जिभेवरचा पिवळा, चिकट थर म्हणजे मांस आणि दारू, हे शाओशिंग शहरातले शेंबडे पोरही सांगेल. म्हणून त्या सकाळी वेनहायने सूप पिण्याच्या चिनी मातीच्या पांढऱ्या चमच्याने जीभ खरवडून पाकळीसारखी कोवळी केली.

दवाखान्यात वैद्य ताओ यंत्राकडे सवतीकडे पाहावे तसे पाहत होते. "चाळीस वर्षं जिभा बघतोय मी. आता हे डबडं मला शिकवणार!"

वेनहायने चौकटीत हनुवटी टेकवली. उजेड चमकला. पडद्यावर अक्षरे उमटली: थर जवळजवळ नाहीसा. जठराचा ओलावा आटलेला. प्रकृती चिंताजनक.

"म्हणजे काय हो?" लानइंगचा आवाज कापला.

"अशी आरशासारखी जीभ मी मरणपंथाला लागलेल्यांचीच पाहिलीय," वैद्य म्हणाले.

"पण रविवारचं जेवण?" वेनहायने विचारले.

"कसलं जेवण? तीन महिने पेज आणि कडू काढा!"

खरे सांगावे तर जेवण बुडणार, गप्प बसावे तरी बुडणार. तेवढ्यात वैद्यांनी नाडी धरली आणि त्यांच्या भुवया चढल्या. "जीभ मेलीय आणि नाडी नाचतेय? ही तर भरपेट जेवलेल्याची नाडी! यंत्रच बिघडलंय. लानइंगताई, तुम्ही बसा. तुमची प्रकृती मला पाठ आहे, लगेच पडताळा होईल."

"मला... उचकी लागलीय."

"तुमचंही नाव तुम्हीच नोंदवलंत ना? बसा."

उजेड पुन्हा चमकला. प्रकृती चिंताजनक.

पडद्यावर दोन प्रचंड लालभडक जिभा शेजारी शेजारी पसरल्या. दोन्हींवर, मध्याच्या किंचित डावीकडे, हिमातल्या पायवाटेसारखी एक सरळ पिवळट रेघ होती. वैद्यांनी चष्मा चढवला. "एकाच जागी, एकाच जाडीची? हा आजार नवीनच दिसतोय."

वेनहायला तो ओळखीचा होता. घरच्या त्या चमच्याच्या कडेचा टवका उडाला होता. नेमका एवढ्याच रुंदीचा.

त्याने सावकाश मान वळवली. लानइंग छताकडे पाहत होती.

"तुम्हा बायकांच्या माहजोंग खेळाच्या बैठकीत," त्याने हळूच विचारले, "खायला काय असतं गं?"

"सूर्यफुलाच्या बिया."

"आणि?"

तिने नजर छतावरून खाली आणली. "बदक."

इकडे वैद्य ताओ फोनवर गरजत होते, "आजच्या आज उचला हे डबडं! दोन धडधाकट माणसांना सरणावर चढवलंय यानं!"

नवराबायको अदबीने मान खाली घालून बाहेर पडली. कालव्याकाठाने ती घराकडे निघाली. मग पुलावर लानइंग थांबली.

"अहो, रविवारी तुमच्या थोरल्या बहिणीच्या टेबलावर नको बसायला."

"का गं?"

"तिच्या चॉपस्टिक मांसापर्यंत आपल्याआधी पोचतात."