इटलीवाल्याकडची बघाबघी

पिझ्झ्याबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा खाणारा माणूस अख्ख्या जुन्नरात एकच. आमचे शेजारी सोपानतात्या. कांदा घरचा, सदऱ्याच्या खिशातून आणलेला. टेबलावर ठेवायचा, वर रुमाल टाकायचा आणि एकच बुक्की! शेजारच्या बाकावरची मंडळी दचकायची. तात्या हसून त्यांच्यापुढं पाकळी धरायचे. "घ्या की पावणं. चीजला उतारा लागतो."

हे इटालियन हॉटेल लेण्याद्रीच्या रस्त्याला आहे. पत्र्याची शेड, मातीची भट्टी, लाकडी बाकडी आणि मागं टोमॅटोचं वावर. गावातलाच राहुल पुण्यात हॉटेलांमधून हे पदार्थ शिकून आला आणि घरच्या रानात त्यानं शेड ठोकली. स्वस्तात पोटभर देतो. बोर्डावरचं नाव कुणालाच धड म्हणता येत नाही, म्हणून सगळे 'इटलीवाला' म्हणतात.

तात्या तिथं हौसेनं जात नव्हते. चीजची तार त्यांच्या मिशीत अडकायची आणि तिचं दुसरं टोक बशीत असतानाच ते ठिबक सिंचनावर बोलत राहायचे. ते जायचे संदीपसाठी. संदीप त्यांचा एकुलता एक मुलगा. शेती उत्तम करतो, बोलतो कमी. पस्तिशी उलटली तरी लग्न जमेना. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारणार, "पुण्यात फ्लॅट आहे का?"

"पण घरी का नाही बोलवत पाहुण्यांना?" मी एकदा विचारलं.

"घरात बाई न्हाई, भाऊ. चहा माझ्या हातचा. पोरीची आई कप तोंडाला लावायच्या आधी भिंती बघती. इथं कसं, आपलं क्लिअर असतं."

'आपलं क्लिअर असतं' हे त्यांचं पालुपद. माझ्याकडं चारचाकी आहे, एवढ्या गुन्ह्यापायी प्रत्येक बघाबघीला मी हजर. तात्या पाहुण्यांना पास्ता समजावून सांगायचे, "ही शेवईच हाय, पण तिकडची." चीज म्हणजे खरवसाचा चुलतभाऊ, असंही सांगायचे. पाहुणे जेवायचे, हसायचे आणि उठताना म्हणायचे, "कळवतो." पुढं कुणी कळवायचं नाही.

एकदा घोडेगावकडची माणसं आली. मुलगी बँकेत नोकरीला. तात्यांनी कांद्यावर बुक्की मारली तशी ती खळखळून हसली आणि म्हणाली, "मला पण द्या." त्या दिवशी संदीप बोलला. टोमॅटोवरच्या रोगाबद्दल बोलला, पण बोलला. तिनं ऐकून घेतलं, वर चार प्रश्न विचारले. पुन्हा एका रविवारी तिथंच भेटायचं ठरलं.

त्या रविवारी संदीपनं नवा शर्ट घातला होता. गाडीत तात्या खिशातला कांदा नुसताच चाचपत राहिले. मला वाटलं, धास्ती असेल. राहुलनं मोठं टेबल लावून ठेवलं होतं. आम्ही बसलो. संदीप रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला मान वळवत होता. बराच वेळ गेला, तेव्हा मी बाहेर जाऊन स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाला फोन लावला.

"अहो, सकाळीच तात्यांना सांगितलं की," तो म्हणाला. "मुलीचा होकार होता, पण घरच्यांनी पुण्यातलं स्थळ पक्कं केलं."

मी वळलो तर तात्या मागंच उभे. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"त्याला काय सांगू नका, भाऊ."

"अहो, पण आपण आलोच कशाला मग?"

"सकाळी फोन ठिवला आन् आत गेलो. तर ह्यो शर्टाला इस्त्री करत व्हता. शीळ घालत व्हता. त्याची आई गेल्यापास्नं त्याची शीळ ऐकली न्हवती मी. माझ्याच्यानं सांगवलं न्हाई." त्यांनी माझं मनगट सोडलं. "म्हनलं, अजून घटकाभर राहू दे त्याला असाच."

आम्ही आत आलो. तात्या बसले आणि टेबलाकडं बघत म्हणाले, "त्यांच्या गाडीचं काय तरी काम निघालंय म्हनं. येतील पुन्हा कवातरी."

संदीपनं माझ्याकडं पाहिलं. मला मान वर करता आली नाही. मग त्यानं बापाकडं पाहिलं आणि राहुलला हाक मारली. "राहुल, या जास्तीच्या प्लेटा उचल. एकच पिझ्झा आण, तिघांत."

पिझ्झा आला. संदीप समोरून उठून तात्यांच्या शेजारी येऊन बसला. त्यानं पहिला तुकडा तोडून त्यांच्या प्लेटमध्ये ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"खा, तात्या. मी हाय की."

तात्यांनी तुकडा उचलला. पण ते तो नुसताच हातात धरून बसले, आणि संदीपनं पाठीवरचा हात काढला नाही.